अक्काच्या डोळ्याचा बंदोबस्त

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. भाऊबीज. देवास.

अक्काने ओवाळताना कुंकू माझ्या चष्म्याच्या काचेवर लावलं. अक्षता कानात गेल्या. मी म्हटलं, अक्का, कपाळ इकडे आहे. ती म्हणाली, तू सारखा हलतोस. मी हललो नव्हतो. सून ईशानी पदराआड हसत होती.

नंतर अंगणात यशराज (अक्काचा मुलगा) हळूच म्हणाला, मामासाहेब, आईच्या त्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. तोच डोळा म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं, तो. दुसरा लहानपणापासून अधू. म्हणजे अक्काचा सगळा कारभार या एकाच डोळ्यावर आहे.

पडद्याच्या ऑपरेशननंतर तिला दिवसरात्र मान खाली घालून उपडं पडून राहायचं होतं. डोळ्यात वायूचा फुगा भरलेला, तो पडद्याला आतून दाबून धरणार म्हणून. त्या वेळी मी सेवेला येणार होतो. तसं कळवलंही होतं. पण नेमकं उमाबाईंच्या (आमच्या सौ.) भाच्याचं लग्न कुक्षीला निघालं. शिवाय बहिणीच्या सासरी मुक्काम करू नये, तिथलं अन्न खाऊ नये, ही आपली रीत. उमाबाई म्हणतात, ही रीत इथल्या ठाकुरांची, आपली मराठ्यांची नव्हे. इतक्या पिढ्या माळव्यात काढल्यावर रीत आपलीच म्हणायची.

सरळ हिशेब आहे. लक्ष ठेवायला मी नव्हतो, अक्काने मान वर केली असणार, आणि त्यातून हा मोतीबिंदू झाला.

मला मुळीच अपराधी वाटत नाही. फक्त पुरणपोळ्या दोनच खाल्ल्या. एरवी चार.

२४ ऑक्टोबर. धार.

निश्चय. या वेळचा सगळा बंदोबस्त मी करणार. डहीला पोस्टिंग असताना अख्ख्या पुलाचं काम अंगावर घेतलं होतं, हा तर एक डोळा आहे.

उमाबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, अक्कांनी बोलावलंय का तुम्हाला? मुद्दा तो नाही.

१ नोव्हेंबर.

यशराजला फोन. ऑपरेशन ताबडतोब झालं पाहिजे, एक दिवस फुकट घालवू नका, असं ठणकावलं. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात घेऊ. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात नको. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस कागदावर जिवंत नसेल तर सेवा कोण करणार? मग पेन्शनर संघाची सभा आहे, तिथे मला आभार मानायचे आहेत. डिसेंबर ठरवा.

फोन ठेवल्यावर जरा चुटपुट लागली. पण आभार दुसऱ्या कुणाला मानता येत नाहीत. मागल्या वर्षी एकाने मानले तर अध्यक्षांचं नावच राहिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार. इंदूर.

तपासणीला मी जातीने हजर. धारहून पहिल्या बसने. ती मंडळी देवासहून.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण हुशार वाटल्या. म्हणाल्या, पडद्याच्या ऑपरेशननंतर या वयात मोतीबिंदू बहुतेकांना होतोच, यात कुणाची चूक नाही. मी समजलो. पेशंटसमोर असंच बोलावं लागतं. पुढे म्हणाल्या, मागच्या वेळी डोळ्यातली जेली काढलेली आहे, त्यामुळे लेन्सला मागून आधार कमी. ऑपरेशन करता येतं, पण जपून. आणि नजर किती येईल ते पडदा ठरवेल. तो देईल तेवढं घ्यायचं.

अक्का म्हणाली, तांदळातला खडा दिसला तरी पुष्कळ.

मी बाईंना पहिल्या ऑपरेशनची हकीकत पहिल्यापासून सांगितली. त्यांनी विचारलं, आपण तेव्हा सोबत होता का? मी म्हटलं, फोनवरून सतत संपर्कात होतो. अक्काला खोकला आला. इंदूरला धूळ फार झाली आहे.

तारीख ठरली, ८ डिसेंबर.

२२ नोव्हेंबर. धार.

शालिग्राम सुताराला पाट करायला सांगितला. लांबरुंद, मधोमध तोंड बसेल एवढं भोक, भोवती रेक्झिनची गादी. उपडं पडल्यावर तोंड भोकात, श्वास मोकळा. मागच्या वेळी बिचारी उशांवर पडली होती. यशराजला सुचलंच नाही, आणि त्याला सांगणारा मी कुक्षीला.

शालिग्राम म्हणाला, भिया, ये बैठने का है ना? मी म्हटलं, तोंड घालायचं आहे. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, जैसी आपकी मर्जी.

२५ नोव्हेंबर.

पाट आला. बैठकीत स्वतःवर चाचणी घेतली. एक पूर्ण दुपार उपडं पडून राहायचं ठरवलं होतं.

चहाच्या आधीच उठलो. मान धरली. फरशी, मुंग्या आणि उमाबाईंच्या चपला, एवढंच जग. अक्काने हे दिवसरात्र केलं. आणि त्या वेळी मी वऱ्हाडात दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेत होतो. वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं.

उमाबाईंनी मान शेकून दिली. म्हणाल्या, जरा डॉक्टरांना विचारा तरी, या ऑपरेशनला असलं काही लागतं का. बायकांना विषयाचा अभ्यास नसतो. डोळा तोच आहे, माणूस तेच आहे. पथ्य बदलेल कसं?

७ डिसेंबर, रविवार. देवास.

पोचलो. प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. इंदूरच्या गंगवाल स्टँडवर कंडक्टर पाट बघून म्हणाला, भिया, कमोड ऊपर रख दो. शेजारचा म्हातारा म्हणाला, घुटने गए क्या आपके? पुढे देवासच्या बसमध्येही तेच. पण अक्कासाठी एवढं सोसायलाच हवं. उलट थोडं जास्त झालं असतं तरी चाललं असतं, मन हलकं झालं असतं.

रीत मोडू नये म्हणून माझा शिधा धारहून घेऊन आलो. कणीक, तूरडाळ, तूप. ईशानीकडे दिला आणि सांगितलं, माझं यातलंच करायचं. ती म्हणाली, जी मामासाहेब, आपण म्हणाल तसं. मग गराडू, म्हणजे इथला कंद, तळून आणले. गराडू अन्नात धरत नाहीत, तो नाश्ता. संध्याकाळी बाफले झाले. कणीक कोणाची होती ते विचारलं नाही. थकलो होतो.

८ डिसेंबर, सोमवार. इंदूर, नंतर देवास.

ऑपरेशन झालं.

बाहेर बाकावर बसलो होतो. एकच डोळा. लहानपणी मी झाडावर अडकलो की अक्का खालून सांगायची, डावा पाय त्या फांदीवर, उजवा इथे. तिच्या त्याच एका डोळ्याने मी धडधाकट खाली यायचो. यशराज चहा घेऊन आला. मी घेतला नाही. तो म्हणाला, मामासाहेब, निवतोय. मग घेतला.

अक्का हिरव्या झग्यात, डोळ्याला पट्टी, भिंतीला हात लावत चालत बाहेर आली. आम्हालाच म्हणाली, तोंडं पाडून बसलात ना सगळे?

सिस्टर पथ्यपाणी सांगायला आली. मी म्हटलं, सिस्टर, हमारा दूसरा टाइम है, सब मालूम है. यशराज-ईशानीला ऐकायला बसवलं आणि मी गाडी सावलीत लावून घ्यायला गेलो. असल्या गोष्टी कुणाच्या ध्यानात येत नाहीत.

घरी येताच पाट मांडला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून अक्काची मान खाली. या वेळी क्षणभरही वर होऊ देणार नाही, मी स्वतः दारात बसणार. यशराज काही बोलायला गेला. अक्काने हात करून त्याला गप्प केलं. माहेरच्या माणसाच्या शब्दाला या घरात असा मान आहे. जुनी घराणी ती जुनी घराणी.

संध्याकाळी बघतो तर ईशानीने पाट लोडांवर टेकवून तिरपा केलेला. अक्का बसूनच त्याला कपाळ टेकवत होती. मला वाटतं जरा जास्तच तिरपा आहे. पण तिच्या पाठीला बरं पडत असेल. हरकत घेतली नाही.

९ डिसेंबर.

सकाळी पट्टी काढायला यशराज तिला इंदूरला घेऊन गेला. मी थांबलो. खोलीला पडदे लावायचे होते, आणि एक जण जागेवर लागतोच.

मंडळी उशिरा आली, हसत. वाटेत पोहे खाल्ले म्हणे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पोहे. मी रागावलो. अक्काने मुकाट्याने पाटाला कपाळ लावलं.

थोड्या वेळाने ती पाटामागून म्हणाली, ईशानी, हे लुगडं निळं आहे होय ग? मी इतके दिवस मळकं समजत होते. मान खाली असताना लुगडं कसं दिसलं, याचा विचार केला. फरशीत दिसलं असेल. या घरात फरशी फार चांगली पुसतात.

थेंब ईशानी घालते. मीच घालणार होतो, पण माझा हात जरा कापतो.

१० डिसेंबर. दुपारी.

पहाऱ्यावर असताना डोळा लागला. लागला म्हणजे मिटला, झोप नव्हे. उघडला तर समोर पाट अगदी खिडकीसारखा उभा, आणि भोकातून अक्काचा डोळा माझ्याकडे बघतोय.

मी ओरडलो. ती म्हणाली, तू घोरत होतास, मला वाटलं काही होतंय की काय. लगेच कपाळ टेकवलं.

संपलं. मागच्या वेळी लांब होतो म्हणून, या वेळी दारात बसून तेच. मी कुठल्याच कामाचा नाही. प्रायश्चित्त म्हणून आजचा चहा बंद.

चार वाजता ईशानीने करूनच आणला. परत पाठवणं म्हणजे बहिणीच्या घराचा अपमान. उद्यापासून बंद.

११ डिसेंबर.

ईशानी म्हणाली, मामासाहेब, आईसाहेबांची बहोत इच्छा आहे, हाटपिपल्याच्या नृसिंहाला नारळ देऊन याल का? दुसऱ्या कोणाला जमणार नाही. मी म्हटलं, आणि इथे पहारा? ती म्हणाली, पहारा आम्ही देतो न.

गेलो. दिवस गेला. बसला गर्दी, देवळात शांत. देवाला सांगितलं, अक्काचा डोळा बरा होऊ दे, माझं काय ते नंतर बघ. हात जोडून उभा राहिलो तर डोळ्यात पाणी आलं. उदबत्तीचा धूर होता.

परत आलो तर गच्चीवर गप्पांचे आवाज. वर गेलो तर फक्त ईशानी आणि रिकामी खुर्ची, खुर्चीवर अक्काची शाल. ऊन द्यायला ठेवली होती म्हणे. अक्का खाली पाटाशी. थोडी धापा टाकत होती. एका जागी बसून माणसाचा दम जातो.

१२ डिसेंबर.

आज मला निमताण्याला, म्हणजे बाजारात, तीनदा पाठवलं. लिंबं, मग तीच लिंबं बदलून, मग मोठी हिंगाची डबी. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही. मी आलो नसतो तर काय केलं असतं कोण जाणे.

दुपारी अक्काचे दीर शिवाजीराव समाचाराला आले. दारातच थबकले. मला विचारलं, वहिनीसाहेब भोकातून काय बघतात? मी त्यांना फुग्याचं शास्त्र समजावलं. ते म्हणाले, पण फुगा तर मागच्या वेळी होता ना? मी म्हटलं, दाजी, आपण महसूल खात्यातले, हे आपलं क्षेत्र नव्हे. त्यांनी अक्काकडे पाहिलं. पाटामागून आवाज आला, भाऊजी, माझ्या भावाला फार कळतं हो.

भरून आलं. कधी नव्हे ते बहिणीच्या तोंडून ऐकलं.

पलंगावर निवडलेल्या तांदळाचं ताट होतं. ईशानी पलंगावर बसून तांदूळ निवडते. जुन्या घरात ही शिस्त नव्हती. पण खडे मात्र एकूण एक बाजूला काढलेले.

१४ डिसेंबर.

अक्काच्या कपाळावर पाटाचा वळ नाही. एवढे दिवस तोंड टेकून एक रेघ उठली नाही. शालिग्रामची गादी उत्तम. धारला गेल्यावर सांगतो, असे आणखी करून ठेव, इंदूरच्या दवाखान्यांना दाखवू.

उद्या तपासणी. मागच्या वेळची भरपाई झाली, असं म्हणायला हरकत नाही. आज खूप दिवसांनी चार पोळ्या खाल्ल्या.

१५ डिसेंबर, सोमवार. इंदूर.

लिहायचं नव्हतं. लिहितो.

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. लेन्स जागेवर, जखम कोरडी. अक्काने भिंतीवरच्या अक्षरांच्या वरून बऱ्याच ओळी वाचल्या. खालच्या ओळी वाकड्या दिसतात म्हणाली. बाई म्हणाल्या, तो पडद्याचा दोष, तेवढं राहील. पण त्यांच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ आलं. विचारलं, काळजी कोणी घेतली?

मी पुढे झालो. म्हटलं, मॅडम, आठवडाभर क्षणभरही मान वर होऊ दिली नाही. पूर्ण वेळ उपडं. पाट खास करवून घेतला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, अनुभव. मग त्या अगदी हळू आवाजात बोलल्या. या ऑपरेशननंतर वाकायचंच नसतं. ते पहिलं पथ्य आहे, कागदावर सर्वांत वर लिहिलेलं. आणि या डोळ्यात मागे आधार नाही. सतत मान खाली राहिली असती तर जखमेवर दाब आला असता, लेन्स सरकली असती. दुसरा डोळा अधू असलेल्या बाईचं काय झालं असतं, ते तुम्हीच बघा.

खुर्ची धरली. मी काय करत होतो? दारात बसून, पहारा देऊन, मी माझ्या बहिणीला आंधळी करत होतो. आणि चार पोळ्या खाऊन.

तेवढ्यात अक्का म्हणाली, बाई, घाबरू नका. मी वाकलेच नाही. हा खोलीत असला की नुसतं कपाळ लावायची, ताठ बसून. गेला की उठायची. सूनबाईने सगळं वाचून ठेवलं होतं.

यशराज खिडकीबाहेर बघत होता. ईशानी म्हणाली, सॉरी मामासाहेब. लिंबं पहिलीच चांगली होती.

गाडीत मी विचारलं, मला सांगितलं का नाहीत? अक्का म्हणाली, यशराज सांगणार होता, मीच शपथ घातली. एवढा पाट दोन बस बदलून माहेराहून आणलास. माहेरच्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं, तुझी गरज नाही म्हणून?

ती समजूत घालत होती. समजूत पडली नाही.

१६ डिसेंबर. देवास. सकाळी.

पिशवी भरली. अक्का अंगणात उन्हात काळा चष्मा लावून बसली होती. निघतो म्हणालो. म्हटलं, अक्का, माझी चूक झाली. पाटाची म्हण, सगळ्याची म्हण.

ती म्हणाली, पाटाचं राहू दे. मागच्या वेळी उपडी पडले होते ना, तेव्हा मला दारातून येणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. हळूहळू पायांवरून माणूस ओळखायला लागले. यशराजचे, ईशानीचे, भाऊजींचे, दूधवाल्याचेसुद्धा. रोज वाटायचं, आज तुझे येतील.

कुक्षीचं लग्न सांगायला तोंड उघडलं. लग्न दोन दिवसांचं होतं. तोंड मिटलं. मग तिथेच पायरीवर बसून रडलो. ईशानी आत निघून गेली.

अक्काने चष्मा वर केला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, किती म्हातारा झालास रे मानसिंग. मला दिसतच नव्हतं. दोन दिवस राहा. पण काही करू नकोस. नुसता बस माझ्याजवळ.

दुपारी.

राहिलो आहे. नुसता बसलो आहे. फार अवघड जातंय.